गोठलेल्या चुन्याचा पूल

हां, मंडळी, आता सावरून बसा. पूर्वरंगात वाणीबद्दल पुष्कळ बोललो, आता आख्यान. पण त्याआधी एक प्रश्न तुमच्या पदरात टाकतो. माणसाच्या शब्दाला पत असते, बरोबर? अमक्यानं सांगितलं म्हणजे खरंच असणार, असं आपण म्हणतो. ही जी पत — ती मालकीची कुणाची? बोलणाऱ्याची, की ऐकणाऱ्याची?

बोलणाऱ्याची म्हणताय? थांबा, एवढ्या घाईनं माना डोलवू नका. पुढच्या रांगेत आपल्या पतपेढीचे चेअरमन बसलेत, त्यांनी तर मुळीच डोलवू नये!

आता विचाराल, बुवा, कथा कुठल्या पुराणातली? कुठल्याच नाही. रचलेली आहे असंच समजा. रामाची नाही, कृष्णाची नाही, आगगाडीची आहे! युरोपात, बर्फाच्या डोंगरांच्या पायथ्याशी एक गाव. काळ कुठला, तर आगगाडी नुकती निघाली होती तो. इंजिन दिसलं की घोडे उधळायचे आणि म्हाताऱ्या छातीवर क्रूसाची खूण करायच्या. त्या गावात एक सावकारी घराणं होतं, हाल्मबर्ग नावाचं. साधेसुधे सावकार नाहीत हो! राजे-महाराजे लढाईला निघाले की आधी यांच्या दारात यायचे. घराण्याचा त्या वेळचा कर्ता ओस्वाल्ट. नाव जिभेला जरा जड आहे, आपण त्याला ओस्वाल्टशेठ म्हणू.

आता रूळ टाकायचे, बोगदे खणायचे, पूल बांधायचे — पैसा कुणाचा? राजाचा? राजाकडे कधी असतो! पैसा या सावकारांचा. आणि सावकारांकडे कुठून येतो? तुमच्या-आमच्याकडून. ते रोखे काढायचे. पैसे द्या, कागद घ्या, वर्षाकाठी व्याज घ्या. लोक रेल्वेकडे बघून नाही, घराण्याच्या नावाकडे बघून पैसे द्यायचे.

आणि त्या नावामागे एक रीत होती. ओस्वाल्टच्या बापानं घालून दिलेली. ज्या पुलावर, ज्या रस्त्यावर घरच्या कर्त्या पुरुषाचा पाय पडला नाही, त्याचा रोखा विकायचा नाही! म्हातारा स्वतः जायचा. कधी? नदीला पूर आला असेल तेव्हा. कुणाला न सांगता, एकटा, काठी टेकत पुलावर जायचा, मधोमध उभा राहायचा, खाली बघायचा. परत आला की म्हणायचा, विका. अशी ती रीत. म्हातारा गेला, रीत मुलाकडे आली.

आता गावापासून पलीकडच्या खोऱ्यात रेल्वे न्यायची होती, आणि मध्ये खोल घळ. घळीवर उंच दगडी कमानींचा पूल बांधायला घेतला. बांधणारा इंजिनियर होता फ्लोरियान — शेठजींचा जावई! मुलगी आगाथा, एकुलती एक, त्याला दिलेली. पोरगा सरळ, कामाला वाघ, आणि सासऱ्यावर त्याची देवासारखी श्रद्धा.

काम लांबलं. थंडी आली. इकडे सरकारची अट अशी, की वर्ष संपायच्या आत पुलावरून गाडी धावली नाही तर पुढच्या मार्गाचा परवाना दुसऱ्या सावकारी घराण्याला. मग काय! शेठजी म्हणाले, चालू ठेवा काम. जावई म्हणाला, थंडीत चुना धरत नाही. शेठजी म्हणाले, तू बांध, मी बघतो. आता चुना काय शेठजी बघतात म्हणून धरणार आहे? पण सासऱ्याला हे कोण सांगणार!

पूल उभा राहिला. फ्लोरियान सासऱ्याला घळीपाशी घेऊन गेला, दगडांच्या सांध्यावर त्यांचा हात ठेवला आणि म्हणाला, "बाबा, कडक लागतंय ना? हा चुना वाळलेला नाही, गोठलेला आहे. थंडी आहे तोवर उभा राहील. ऊन तापलं की याचा चिखल होईल. तोवर गाडी चालवा हवी तर, पण बर्फ वितळायच्या आत पूल बंद करायचा आणि कमानी उतरवून पुन्हा बांधायच्या. मला शब्द द्या."

शेठजींनी शब्द दिला. मनापासून दिला, हे लक्षात ठेवा. हा मनुष्य राक्षस नव्हता. राक्षस असता तर आख्यान सोपं झालं असतं, शेवटी एक अवतार आणला असता आणि आरती करून आपण घरी गेलो असतो.

मग घराण्याची रीत पाळायची वेळ आली. म्हातारा पुरात जायचा — मुलगा कधी गेला? कडाक्याच्या थंडीत! दगडाला हात चिकटावा अशा दिवशी, बँड लावून, फुलांच्या माळा लावलेल्या पहिल्या डब्यात बसून! पूल हलला नाही. लोकांनी टोप्या उडवल्या. रीत पाळली की नाही? पाळली! कुणी बोट दाखवेल? पण ज्या भीतीसाठी बापानं ती रीत घातली होती, ती भीतीच मुलानं काढून टाकली. मंडळी, आपण उपास करतो ना साबुदाण्याची खिचडी पोटभर खाऊन — तसंच हे. हसताय? हसा, पण पोटावरून हात फिरवत हसा.

रोखे हातोहात खपले. घेणाऱ्यांत एक होती उर्सुला, पाव भाजून विकणारी विधवा बाई. पहाटे भट्टी पेटवायची, हाताला कायमचे चटके. पोरीच्या लग्नासाठी जे काही साठवलं होतं ते तिनं हाल्मबर्ग या नावाला देऊन टाकलं. शेठजी स्वतः बसून गेले, मी पाहिलंय, असं ती गिऱ्हाइकांना सांगायची.

आता ऐका, इथून पाप सुरू होतं. हिवाळा सरत आला आणि गावात कुजबूज उठली — पूल कच्चा आहे, चुना धरलेला नाही! रोख्याचा भाव धाडकन पडला. लोकांची घाबरगुंडी उडाली. येईल त्या भावाला विकायला लागले. उर्सुलानंही विकले, रडत रडत, निम्म्याहून कमी भावात. आणि विकत कोण घेत होतं? शेठजींची माणसं. कुजबूज पसरवली होती कुणी? तीही शेठजींच्याच माणसांनी!

कळलं का? जे खरं होतं, जावयानं हात धरून दाखवलेलं खरं, तेच या माणसानं अफवा म्हणून बाजारात सोडलं! स्वस्तात माल गोळा केला. मग रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहिला आणि म्हणाला, पूल मजबूत आहे, मी त्यावरून गेलोय, बोलणारे सगळे दुसऱ्या घराण्याचे भाडोत्री. भाव वर चढला, त्याहून वर चढला. उर्सुलानं पुन्हा घेतले, महाग! आणि शेठजींनी रेल्वेकडून हुकूम काढवला, की पुलाविषयी ऐकीव गोष्टींवरून जो कुणी गाडी थांबवेल त्याची नोकरी गेली.

असले व्यवहार ते सावकार सहज करत. त्यांना त्यात पाप दिसत नसे, हुशारी दिसे. खोटं बोलून कमावणारे पुष्कळ असतात हो, पण खरं विकून कमावणं, त्याला निराळं डोकं लागतं.

अशी गोष्ट झाकून राहते थोडीच! कुजबूज पसरवणाऱ्यांपैकी एक जण गुत्त्यावर चढल्यावर सगळं बरळला. गावाला समजलं. कुणी दगड मारले नाहीत, कुणी कोर्टात गेलं नाही. लोक एवढंच शिकले, की शेठ घाबरवायला लागले की रोखा घट्ट धरायचा.

फ्लोरियान सासऱ्याकडे आला आणि म्हणाला, आता पूल बंद करा. शेठजी म्हणाले, परवाच मजबूत म्हणून सांगितलंय, आज बंद कसा करू? थोडं थांब. थांबता थांबता दक्षिणेकडून गरम वारा सुटला. त्या मुलखात तो वारा सुटला की छपरांवरचा बर्फ बघता बघता पाणी होऊन गळायला लागतो. त्या दिवशी पलीकडच्या खोऱ्यात जत्रा. गाडीला ही गर्दी!

फ्लोरियान सकाळीच पुलावर गेला. सांध्यांतून पांढरं पाणी ओघळत होतं. बोट घातलं तर बोट आत गेलं. त्यानं घोडेस्वार पिटाळला — शेठजींना सांग, गाडी सोडू नका! आणि स्वतः माणसं घेऊन कमानींना टेकू द्यायला लागला. निर्धास्त! सासऱ्यांना निरोप गेलाय, म्हणजे गाडी थांबली. सगळ्या गावात शेठजींच्या शब्दावर विश्वास ठेवणारा एवढाच एक माणूस उरला होता, मंडळी.

निरोप मिळाला. शेठजींच्या तोंडचं पाणी पळालं. डोक्यावर टोपी नाही, कोटाची बटणं उघडी, तसेच स्टेशनवर धावले. स्टेशनमास्तरला म्हणाले, गाडी थांबव. तो बिचारा हात जोडून म्हणाला, शेठजी, तुमचाच हुकूम आहे, पुलाच्या बोलण्यावरून थांबवली तर माझी नोकरी जाईल. रेल्वे कंपनीचा कागद आणा. शेठजी डब्याडब्यापाशी गेले. उतरा हो, पूल पडणार आहे, मी सांगतोय! लोक एकमेकांकडे बघून हसले. एक-दोघं उतरली, ज्यांच्याकडे रोखा नव्हता ती. बाकीचे बसून.

उर्सुला पहिल्या डब्यात होती, पोरीला घेऊन. पोर नव्या फ्रॉकमध्ये. शेठजींनी तिचा हात धरला. हात, बरं का — ज्यांनी आयुष्यात तिच्या पावाला हात लावला नव्हता! डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि म्हणत होते, बाई, तुझ्या पाया पडतो, खाली उतर. ती रागावली नाही. तिनं शांतपणे हात सोडवून घेतला आणि म्हणाली, "शेठ, या वेळी मी नाही विकायची."

शिट्टी झाली.

आता तुम्ही म्हणाल, रुळावर आडवं पडायचं ना! इंजिनापुढे लोळण घ्यायची! आलं हो, मनात आलं त्याच्या. एक पाऊल पुढे टाकलंही. आणि मग मन काय म्हणालं? मन म्हणालं, कदाचित आज पडणार नाही. इतके दिवस उभा होता, आणखी एक दिवस राहील. तेवढ्यात गाडी सुटली. माणसाला चांगलं करायची अखेरची संधी येते ना, तेव्हा हे 'कदाचित' असं मध्येच येऊन उभं राहतं.

फ्लोरियाननं शिट्टी ऐकली. त्याला आधी खरंच वाटेना. मग लाल फडकं घेऊन तो पुलावरून सुटला, गाडीच्या दिशेनं, हात हलवत. ड्रायव्हरला दिसला. त्यानं ब्रेक आवळला, पण इंजिन आणि पुढचे डबे पुलावर आलेच होते. मधली कमान खाली बसली. आवाज फार झाला नाही म्हणतात, ओला ढिगारा घसरावा तसा झाला. मागचे डबे काठावर राहिले. ती माणसं वाचली ती त्या पोरानं धाव घेतली म्हणून. तो वाचला नाही. पहिला डबा वाचला नाही.

थांबा, पेटीवाले. इथे सूर नको.

लोकांनी प्रेतं वर काढली. फ्लोरियानला घरी आणलं. आगाथा त्याच्या उशाशी बसून होती, चेहरा कोरडा. बाप आत आला. त्याला एकच गोष्ट सांगायची होती, आणि ती अगदी खरी होती. मुलीच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "आगाथा, मी गेलो होतो गं. त्याचा निरोप आला तसा धावत गेलो. एकेकाला हात जोडले. मी थांबवायला गेलो होतो."

आगाथानं बापाकडे पाहिलं. मग विचारलं, "तेव्हा रोख्याचा भाव काय होता, बाबा?"

संपलं आख्यान. पुढे त्यानं सगळ्यांचे पैसे भरून दिले, घराणं बुडालं, सगळं झालं. पण मुलीनं शेवटपर्यंत विश्वास ठेवला नाही. आणि वाईट काय सांगू, तिचं काय चुकलं? तुम्ही तरी ठेवला असता?

म्हणून सांगतो, पत बोलणाऱ्याची नसते. ती ऐकणाऱ्याच्या घरी ठेवायला दिलेली असते, आणि परत मागायला जाल तेव्हा ती तिथे असेलच असं नाही. ते शेठ दूर राहिले. तुमचं काय? फोनवर 'निघालोय, वाटेत आहे' म्हणता आणि घरात चहा पीत असता — बघा, कोपऱ्यात कुणीतरी हसलं! पोरगं म्हणतं, बाबा, इंजेक्शन दुखेल का? तुम्ही म्हणता, मुळीच नाही. दुकानात गिऱ्हाइकाला म्हणता, तुम्हाला म्हणून या भावात देतो. छोटी छोटी विक्री चालू आहे, दररोज. कशाची? विचारू नका, तुम्हाला माहीत आहे.

आणि एक दिवस येईल, मायबाप. तुमचा मुलगा कुठल्या तरी गाडीत पाय ठेवत असेल. कुठली गाडी, मला ठाऊक नाही. वाईट संगत असेल, कर्ज असेल, आणखी काही असेल. तुम्हाला पुढचा पूल दिसत असेल. तुम्ही जीव तोडून ओरडाल, अगदी खरं ओरडाल. तेव्हा तो तुमच्याकडे वळून बघेल आणि मनात हिशोब करेल, यांना आता यातून काय मिळवायचं आहे?

तेव्हा आज देवापुढे हात जोडा आणि दुसरं काही मागू नका. एवढंच म्हणा, देवा, घर दे, नको देऊस, तुझी मर्जी. पण कुणाला वाचवायला माझं तोंड उघडेल त्या दिवशी समोरचा खाली उतरू दे.