वेजला लावलेली धार

मंठ्याच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर काका-पुतण्या बसले होते. दोघांच्या मधे गोल्फची काठी, तिरप्या पात्याची वेज.

“अप्पाकाका, माझ्या वेजचा तळ कुणी घासला?”

“म्याच. पार बोथट होता. लोहाराकडून खुरप्यावानी धार लावून आणली.”

“त्यो फुगवटा मुद्दाम आसतो, काका! बाउन्स म्हनतेत त्याला. त्याच्यानं काठी वाळूत रुतत न्हाई, बॉल वर निघतो.”

“आता बराबर रुतती. वावरात मारून बघितली.”

“उद्या संभाजीनगरला मॅच हाय माझी!”

“तरी पातं तिरपंच ठिवलंय. लोहार सरळ करून राह्यल्ता, म्याच थांबवलं.”

“लई उपकार झाले.”

“उपकार कशाचे! मॅच झाली की जल्दी वापस आण. तुझ्या काकूचं अर्धं वावर खुरपायचं राह्यलंय. ह्या काठीनं उभ्यानं खुरपता येतंय म्हनती, कंबर धरत न्हाई.”