शेवटून पहिला

(दुपार. रेसिंग ट्रॅकमागचं गॅरेज. सरावाच्या फेऱ्या संपल्यात. लेक हेल्मेट काढून जुन्या टायरवर बसलाय, मिस्त्री गाडीखाली झोपून काम करताहेत.)

लेक : अण्णांनी सांगितलेला आकडा नको, काका. खरा सांगा.

मिस्त्री : घड्याळ तुझ्या वडिलांच्या हातात असतं. मी पान्ह्याचा माणूस.

लेक : काका.

मिस्त्री : तीन सेकंद. पहिल्याच्या मागे तीन सेकंद, आणि वर थोडं.

लेक : अण्णा म्हणाले, अर्धा. त्या वार्ताहरालाही तेच ऐकवलं. तो बिचारा मान डोलवत होता. समोर बोर्डावर आकडे लागलेले, तरी.

मिस्त्री : पाच वेळा चॅम्पियन झालेला माणूस. त्याला तोंडावर खोटं कोण पाडणार? आणि गिअरही जरा अडतोय बघ आजकाल.

लेक : मागच्या महिन्यात त्या नव्या मुलीला हीच गाडी चार फेऱ्यांसाठी दिलीत, तेव्हा नाही अडला.

मिस्त्री : बरं बाबा. शेवटच्या वळणावर तू ॲक्सिलरेटरवरून पाय उचलतोस. जरासाच. ते कुणी शिकवून जात नाही. ज्याचा त्याचा जीव असतो.

लेक : म्हणूनच सोडतोय. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांशी बोलून आलो. पहिल्या तारखेपासून या म्हणाले. चाळीसच्या वेगात शेजारी बसायचं आणि ‘क्लच, ताई, क्लच’ म्हणायचं. हसू नका.

मिस्त्री : हसत नाहीये. चांगला शिकवशील तू. बायकोला सांगितलंस?

लेक : ती दर शर्यतीला फोन हातात धरून बसते, वाजू नये म्हणून. ती म्हणाली, आधी अण्णांना सांग, मग मी खूश होते. तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतात.

मिस्त्री : माझं? चाळीस वर्षांत एकदाच ऐकलं त्यांनी माझं. आणि तेच नडलंय तुला.

लेक : म्हणजे?

मिस्त्री : अपघातानंतर त्यांचा पाय कापला तेव्हा तू सहा वर्षांचा. अकरा दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होते. जेवण नाही, बोलणं नाही. तुझी आई दाराबाहेर बाकावर बसलेली. बाराव्या दिवशी मीच तुला उचलून आत नेलं. तू पलंगाच्या पायथ्याशी चढून बसलास, दवाखान्यातली ताटली दोन्ही हातांनी धरलीस आणि तोंडाने घुर्रर्र करत वळणं घ्यायला लागलास. त्यांनी मान वळवली. मी म्हणालो, अण्णा, बघा, तुमची गादी चालवणारा आला. त्या दुपारी जेवले.

लेक : मी दुधाचा टेम्पो चालवत होतो, काका.

मिस्त्री : काय?

लेक : आमच्या गल्लीत यायचा तो. दर दाराशी थांबत थांबत जायचा, म्हणून मला आवडायचा.

मिस्त्री : हे नव्हतं रे माहीत मला.

लेक : कुणी विचारलंच नाही.

मिस्त्री : थांब. काठी वाजतेय. आलेच ते.

अण्णा : इथे दडलात होय? ऑइल कंपनीचा फोन होता. करार आणखी दोन वर्षं! मी हो म्हणून टाकलं.

लेक : अण्णा, त्यांना मी नकोय. बॉनेटवर आपलं आडनाव हवंय. मी शेवटून पहिला आलो तरी त्यांचं ऑइल खपतं.

अण्णा : खपू दे की. एकदा ते वळण जमलं, की...

लेक : मी हळू चालवतो, अण्णा.

अण्णा : गिअरचं बघा हो, मिस्त्री.

मिस्त्री : गिअर ठीक आहे, अण्णा.

लेक : पहिल्यापासून हळूच आहे मी. मला थांबायचंय.

अण्णा : माहितेय.

लेक : काय माहितेय?

अण्णा : घड्याळ माझ्याच हातात असतं ना. पंधरा वर्षांचा होतास. तुझी पहिली फेरी संपायच्या आतच कळलं होतं. पाय गेला माझा, डोळे नाही गेले.

लेक : आणि तरी इतकी वर्षं?

अण्णा : दर मोसम संपला की ठरवायचो, आता सांगू. मग सकाळ व्हायची. हा पाय बांधायला वीस मिनिटं लागतात मला. पट्टे करकचून आवळावे लागतात, कातडी सोलवटते. तुझी आई होती तोवर ती आवळायची. आता इथे यायचं असतं म्हणून मीच बांधतो कसाबसा. उद्यापासून यायचंच नसेल तर कशासाठी बांधू, तेवढं सांग. मग सोड खुशाल. मी अडवणार नाही.

मिस्त्री : अण्णा, बसा जरा.

अण्णा : नको. त्याला बोलू दे.

लेक : काका, तुम्ही तरी सांगा काहीतरी.

मिस्त्री : मी काय सांगू? मला फक्त गाडी दुरुस्त करता येते रे.

अण्णा : राहू दे, राहू दे. उद्या सरावाला सकाळी सहाची वेळ मिळालीय. यायचं तर ये, नाहीतर मी फोन करून कंपनीला नाही कळवतो.

लेक : कळवू नका.

अण्णा : मग?

लेक : पाचला घरी येतो. पट्टे मी आवळतो.