वादळाचा शब्द

म्हापशाच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर पार्से गावच्या मायलेकी होत्या. लेक गौरवी पुढच्या आठवड्यात जपानला, म्हाताऱ्यांची सेवा करायच्या नोकरीवर निघाली होती. शब्दांची वही आईच्या मांडीवर होती.

"आभाळ?"

"सोरा."

"ढग?"

"कुमो."

"वारा?"

"काझे."

"वादळ? बोल गो बाय. आता येत होतं ना?"

"ताइफू. आई, तिथे दरवर्षी येतं ते."

"म्हणून गप्प झालीस?"

"तौक्ते वादळात आपले पत्रे उडाले, तेव्हा तू मला पोटाशी धरलं होतंस. तिथे कोण धरणार?"

"भीती वाटते, याला काय म्हणतात?"

"कोवाई."

"को-वा-ई. परत सांग, मी पाठ करते."

"तुला कशाला गो?"

"तुझं विमान वर गेलं की मला लागेल."