मस्कतच्या बंदरापर्यंतच

अगं, जळणं काय असतं ते मला विचार! माझी मैत्रीण मंजिरी नवऱ्याबरोबर क्रूझला निघाली, तीही मस्कतच्या बंदरातून. आम्ही सगळे राहतो दुबईत; तिथून मस्कतला बसने जावं की विमानाने, यावर माझा नवरा सुहास रोज त्यांच्यासाठी डोकं लावत बसायचा. आमच्या हनिमूनला एवढा अभ्यास केला नव्हता त्याने! शेवटी म्हणाला, "खलास, ठरलं! मीच गाडीने सोडतो."

मग मीही गाडीत बसले.

ओमानच्या बॉर्डरवर ऑफिसरने चौघांचे पासपोर्ट बघून विचारलं, "सगळे क्रूझला?"

"नाही, हे दोघंच. आम्ही त्यांना सोडून परत," सुहास अभिमानाने म्हणाला.

ऑफिसरला माझीच दया आली. "मॅडम, नेक्स्ट टाइम, इन्शाल्ला."

सुहासही लगेच म्हणाला, "इन्शाल्ला!"

मी म्हटलं, "या साहेबांनी देवावर सोडलं तर ठीक आहे. तू तारीख सांग."