दाजींची बारा व्होल्टची बॅटरी

बंदुकीचं नाव काढू नका माझ्यासमोर, आधी चहा पिऊ द्या. मोसंबीत वानरं लई झाली म्हणून प्लास्टिकच्या गोळ्या मारायची, बॅटरीवरची खेळण्यातली बंदूक आणल्ती. बराबर चालत होती. मंग भोकरदनहून माझे दाजी आले.

"ह्यात सात व्होल्टचीच बॅटरी? सातनं काय व्हतंय?" म्हणले. मी न्हाई न्हाई म्हणून राह्यलो, तवर त्यांनी फवारणी पंपाची बारा व्होल्टची काढून वायरी पिळल्याबी. चाप ओढला. सगळ्या गोळ्या एकदमच सुटल्या, आतून धूर निघाला. वानर आपलं फांदीवर बसून मोसंबी सोलत बघून राह्यलं.

बदनापूरला नेऊन मोटर बदलली. मेकॅनिकनं दाजींना दोनदा समजावलं, "व्होल्ट म्हंजी जोर. बंदुकीवर लिहिलाय तेवढाच द्यायचा. बॅटरीवर लिहिलेलं एएच म्हंजी दम, ती किती वेळ चालंल ते. दम जास्त असला तरी चालतो."

"आता बिलकुल समजलं," दाजी म्हणले.

आज सकाळी शेतात गेलो, तर दाजी ट्रॅक्टरची बॅटरी उतरवून बंदुकीला जोडून राह्यले. तीबी बारा व्होल्टचीच.

"ह्याच्यात दम लई हाये," म्हणले.

बहिणीचा नवरा हाये, काय बोलणार? मी पत्र्याचा डबा आन काठी उचलली. सकाळपासून वानरांमागं वाजवूनच राह्यलो. एवढा चहा झाला की पुन्हा जायचंय.