पलंग सरकतोय

हॅलो?… हो, मीच. फोटो मिळाला ना? बघा, तुम्ही बसवलेल्या लॅमिनेट फ्लोरिंगचे सांधे परत सुटलेत… परत म्हणजे तिसऱ्यांदा! ठोकून जुळवले, ग्लू भरला, आठ दिवस गेले की फटी पुन्हा आ वासून उभ्या… नाही हो काका, पाणी नाही सांडलं. सासूबाई झोपतात इथे, ओलं फडकंसुद्धा मारत नाही मी.

हो, याच खोलीत. मागची, नंतर वाढवलेली… फटी सगळ्या खिडकीच्या बाजूला… पट्टी? भिंतीच्या कडेची? थांबा, वाकते… अगंबाई! पट्टी आहे जागच्या जागी, पण तिच्याखाली बोट जातंय… तेव्हा नव्हतं ना असं?… मग?

पेन्सिल? आता पेन्सिल कशाला?… बरं बरं, ठेवली. खोलीच्या मधोमध… काही नाही आई, फ्लोरिंगवाल्या काकांचा फोन आहे, पडून राहा तुम्ही… अहो, घरंगळली! थेट खिडकीखाली… पट्टीखालून आतच गेली हो! मी नाही ढकलली, शप्पथ!

काय म्हणालात?… म्हणजे फळ्यांचा दोष नाही… खालची जमीनच खचतेय? काका, असं नका हो बोलू… बाजूला? हो, बाजूच्या प्लॉटवर खोदतायत ना, महिना झाला. दोन-दोन पंप दिवसभर पाणी उपसतात… अगदी खिडकीला लागून.

दार घासायला लागलं, तर सुताराकडून रंधा मारून घेतला. भिंतीला चीर गेली, ती रंगाऱ्यानं बुजवली. फळ्यांसाठी तुम्हाला वाट्टेल ते बोलले… चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि आई रोज सांगत होत्या, अगं, पलंग सरकतोय. आम्ही म्हणायचो, वय झालं.

आत्ता?… आत्ताच्या आत्ता आईंना बाहेर काढू? अहो, खुब्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं, वॉकरशिवाय पाऊल… ऐकलंत? खाली काहीतरी कडकडलं… तुम्हालाही ऐकू आलं?… थांबा, दार… काका, दार अर्धंच उघडतंय! परवाच रंधा मारलेलं दार! वॉकर नाही जायचा यातून… हो, हो, नाही घाबरत… घाबरलेय हो!

आई, उठा. उठा म्हणते ना… चपला राहू द्या. गोळ्यांची डबी पण राहू द्या! माझ्या गळ्यात हात टाका… हो आई, सरकत होता. पलंग खरंच सरकत होता. तुमचंच खरं होतं… रडू नका ना, मलाही रडू येईल.

काका, फायर ब्रिगेडला तुम्हीच कळवा, पत्ता आहे ना तुमच्याकडे?… नाही, फोन नाही चालू ठेवता येणार… अहो, ठेवते म्हणते ना! मला दोन्ही हात लागणार आहेत.