दुसऱ्या कॉर्डवरचा सा

भागवत : थांब, थांब! माझा ‘हरी’ संपला न्हाई अन् तुझी पेटी पुढच्या घरात गेली बी. काय करून राहिलीस पोरी?

शिवांगी : पेटी नाही आबा, कीबोर्ड. अन् जॅझमधी असंच असतंय. कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले चार सूर, ठरल्या मात्रेला बदलणार. गाणाऱ्यानं त्यांच्या अंगानं सूर शोधायचे.

भागवत : पुण्यात हेच शिकलीस? आमचा रामलिंग पेटीवर माझ्या गळ्यामागं चालतो. कीर्तनात मला भरून आलं की तो बी रेंगाळतो.

शिवांगी : हितं कुणासाठी कुणी रेंगाळत नाही. ऐका. रे-म-ध-सा, ही पहिली. आता प-नी-रे-म. यातला नी वर सा कडं ओढतोय, म खाली ग कडं. अन् ही सा-ग-प-नी, घर. तुम्ही नुसता सा धरा.

भागवत : सा… पहिलीवर गोड हाय… दुसरीवर टोचून राहिला की गं!… अन् आता बसला. मी तर सूर हलवला बी न्हाई!

शिवांगी : खालचं बदललं.

भागवत : पूर्वरंग संपताना मी लोकांना असंच टांगून ठेवतो. हिमायतनगरला ठेवलं, अन् उत्तररंगाला आवाजच निघंना. अजून टांगलेलेच असतील बिचारे.

शिवांगी : आबा, डॉक्टर म्हणाले…

भागवत : म्हणाले, गाठ लई वाढली, उद्या नांदेडला स्वरयंत्रच काढू. मंग देवाचं नाव कशानं घेऊ? त्यापरीस हाय तितके दिस गातो. तुझ्या आईला सांग, बॅग भरू नको.

शिवांगी : तुम्हीच सांगा. भरायलीय अन् रडायलीय.

भागवत : …वाजव तू.

(भागवत गाऊ लागतो. दुसऱ्या कॉर्डवर आवाज फाटतो, मग नुसती हवा. कीबोर्डही थांबतो.)

शिवांगी : पाणी घ्या, आबा.

भागवत : राहू दे पाणी. तू का थांबलीस?

शिवांगी : तुम्ही थांबलात म्हणून.

भागवत : खोटारडे! कुणासाठी रेंगाळत न्हाई म्हणलीस ना?

शिवांगी : नाही जमलं.

भागवत : जमव. मी तोंड मिटून बसतो. तू जा पुढं… हां. टोचला… टोचला… आला घरी. गळ्यातून काही निघालं न्हाई, तरी बरोबर बसला बघ.

शिवांगी : दिसलं मला. मान हलली तुमची.

भागवत : आईला म्हणावं, बॅगेत टाळ बी टाक.

शिवांगी : दवाखान्यात टाळ?

भागवत : हाव. अन् मी परत आल्यावर वाजवशील तवा माझी ओळ मोकळी सोड. भरू नको.